मदत हवी आहे: राज्यातल्या विक्रीचा आकडा आणि विक्रीकराचे विवरणपत्र

गोंडा | १५ ऑक्टोबर २०२५
नमस्कार. मी घरून हातमागाच्या कुर्त्या, टेबलक्लॉथ आणि पूजेची पितळी उपकरणी विकते. बरीचशी विक्री एट्सी या ऑनलाइन बाजारपेठेवरून होते, थोडी माझ्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, आणि यंदा मंडळाच्या गणेशोत्सवात दोन दिवस स्टॉलही लावला होता. तिमाहीचे विक्रीकराचे विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरायचे आहे, त्याच दिवशी लक्ष्मीपूजन आहे आणि माझे घोडे पहिल्याच रकान्यात अडले आहे. त्यात राज्यातली एकूण विक्री विचारली आहे. बँकेत जमा झालेल्या रकमांची बेरीज, एट्सीच्या पानावरची बेरीज आणि माझ्या वहीतली बेरीज यांचा एकमेकींशी काडीचा संबंध दिसत नाही. कोणता आकडा लिहायचा, एवढेच सांगावे. "सीपीएला (हिशेबतपासनिसाला) विचारा" असे कृपया कोणी लिहू नये; दोघांना फोन केला, दोघेही मुदतवाढीच्या आयकर रिटर्नांत बुडालेले आहेत, कारण त्यांची शेवटची तारीख आजच आहे.

वेलदोडा | १५ ऑक्टोबर
राज्य कोणते, हेच आपण लिहिलेले नाही. विक्रीकर हा अमेरिकेत राज्याराज्याचा विषय असल्याने त्यावाचून कोणतेही उत्तर चुकीचे ठरू शकते. शिवाय संकेतस्थळावर आणि स्टॉलवर ग्राहकाकडून कर घेतला होता का, आणि माल फक्त घरीच असतो की एखाद्या मोठ्या कंपनीच्या गोदामातही ठेवला आहे, हेही कळवावे.

जर्सीकर | १५ ऑक्टोबर
यात अवघड काहीच नाही. जानेवारी २०१८ पासून ६.६२५ टक्के असा एकच दर आहे, शहरागणिक तो एरवी बदलत नाही, आणि कपड्यांवर करच नाही. तेव्हा कुर्त्या बाजूला काढाव्यात, उरलेल्या रकमेला दराने गुणावे आणि मोकळे व्हावे. मी सहा वर्षे असेच करतो आहे.

गोंडा | १५ ऑक्टोबर
राज्य टेक्सस, गाव प्लेनो. लिहिले आहे असेच मला वाटत होते. जर्सीकरांचे वाचून मी कुर्त्या वगळायलाही बसले होते! माल सगळा घरच्या गॅरेजमध्ये आहे. संकेतस्थळावर टेक्ससच्या ग्राहकांकडून ८.२५ टक्के कर घेतला जातो. स्टॉलवर पूर्णांकात किमती होत्या, कुर्ती २५ डॉलर, निरांजन १५, असे. त्यात कर वेगळा धरलेला नाही.

वेलदोडा | १५ ऑक्टोबर
जर्सीकर, आपले म्हणणे आपल्या न्यू जर्सीपुरते बरोबर आहे, परंतु टेक्ससमध्ये कपडे एरवी करपात्र असतात. इथे राज्याचा दर ६.२५ टक्के, त्यावर स्थानिक कर जास्तीत जास्त २ टक्के, आणि प्लेनोत ती कमाल मर्यादा आधीच गाठलेली असल्यामुळे एकूण ८.२५ टक्के होतात.

आता आकड्यांविषयी. बँकेतली बेरीज बाजूला ठेवावी, कारण एट्सी आपले शुल्क कापून उरलेली रक्कम पाठवते आणि विक्रीकर विक्री झालेल्या किमतीवर असतो, हातात पडलेल्या पैशांवर नसतो. एट्सीवरून ऑर्डरींची सीएसव्ही फाइल (तक्त्यात उघडणारी यादी) उतरवून घ्यावी. तीत माल कोणत्या राज्यात गेला याचा स्तंभ असतो. त्यावर टेक्ससची चाळणी लावून किंमत वजा सवलत अधिक पाठवणावळ अशी बेरीज करावी. करपात्र वस्तूची पाठवणावळही टेक्ससमध्ये करपात्र असते, म्हणून ती सोडू नये.

अडकित्ता | १६ ऑक्टोबर
एवढा खटाटोप कशासाठी? एट्सीसारख्या मंचांनी स्वतःच कर गोळा करून भरावा, असा कायदा टेक्ससमध्ये १ ऑक्टोबर २०१९ पासून आहे. ती विक्री विवरणपत्रात दाखवण्याचे कारणच नाही. मी आजवर शून्य लिहीत आलो आहे आणि मला कोणी विचारलेले नाही.

वेलदोडा | १६ ऑक्टोबर
कोणी विचारलेले नाही म्हणजे बरोबर आहे, असे होत नाही. रकाने वेगवेगळे आहेत. पहिल्यात टेक्ससमधली एकूण विक्री येते आणि तीत मंचावरून झालेली विक्रीही धरायची असते. दुसऱ्यात फक्त करपात्र विक्री येते, आणि मंचाने कर भरण्याची हमी दिलेली असल्याने एट्सीची रक्कम तिथे घालायची नसते. आपण दोन्हीकडे शून्य लिहीत असाल, तर कर तेवढाच निघाला तरी विवरणपत्र चुकीचेच राहते.

कोष्टक | १६ ऑक्टोबर
माझी पद्धत सांगतो. एकच तक्ता, पाच स्तंभ: तारीख, कुठून विकले, माल कुठे गेला, रक्कम, आपण घेतलेला कर. रोज रात्री पाच मिनिटे दिली की तिमाहीच्या शेवटी असा धागा काढावा लागत नाही.

लोणकढी | १६ ऑक्टोबर
पाच मिनिटे रोज, म्हणजे वर्षाचे तीस तास. त्यापेक्षा महिना काही डॉलर देऊन कर मोजणारी प्रणाली जोडून घ्यावी, ती विवरणपत्रही भरून देते. २०१८ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर खटल्यात निकाल दिल्यापासून दुकान नसलेल्या राज्यातही कर गोळा करण्याची वेळ येऊ शकते. पन्नास राज्यांचे नियम तुमचा तक्ता पाळणार आहे का?

कोष्टक | १६ ऑक्टोबर
त्या निकालामागे साउथ डकोटाची मर्यादा वर्षाला १ लाख डॉलरची विक्री किंवा २०० व्यवहार अशी होती. गॅरेजमधून निरांजने विकणाऱ्या बाईंना पन्नास राज्यांची भीती घालण्याचे प्रयोजन कळले नाही. शिवाय आपली प्रणाली स्टॉलवरची वही वाचत नाही.

पर्वतीपायथा | १६ ऑक्टोबर
पुण्याहून लिहितो आहे. आपल्याकडे हे फार सोपे आहे: महाराष्ट्रातल्या ग्राहकाला सीजीएसटी आणि एसजीएसटी निम्मे निम्मे, राज्याबाहेरच्याला आयजीएसटी. मंचाने विक्रीच्या रकमेतून कापलेला कर, म्हणजे टीसीएस, १० जुलै २०२४ पासून १ टक्क्याऐवजी अर्धा टक्का झाला आहे, तो रोख खात्यात मागून घ्यायला विसरू नये.

गोंडा | १६ ऑक्टोबर
पर्वतीपायथा, आभारी आहे, पण मी टेक्ससमध्ये आहे. वेलदोडा, चाळणी लावली. टेक्ससमध्ये गेलेला एट्सीचा माल पाठवणावळीसह १,८४० डॉलर आणि संकेतस्थळाचा ९६० डॉलर. वहीप्रमाणे स्टॉलची विक्री १,४७५ डॉलर. वहीच्या दुसऱ्या पानावर हळदीचा हात लागून दोन ओळी पुसल्या गेल्या आहेत, पण रोख आणि कार्ड मिळून बेरीज जुळते. एक शंका: स्टॉलवर टल्साहून आलेल्या मैत्रिणीने चार कुर्त्या नेल्या. ती ओक्लाहोमाची, तर ती विक्री राज्याबाहेरची धरायची का?

वेलदोडा | १६ ऑक्टोबर
नाही. माल ग्राहकाच्या हाती कुठे पडला, हे पाहायचे. त्याच कुर्त्या आपण टपालाने टल्साला पाठवल्या असत्या, तर त्या टेक्ससच्या करपात्र विक्रीत आल्या नसत्या, आणि पाठवल्याची पावती जपून ठेवावी लागली असती. प्लेनोत हातोहात दिल्या, म्हणून ती टेक्ससची विक्री.

आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. यंदा ८ ते १० ऑगस्ट हे तीन दिवस टेक्ससमध्ये करमुक्त खरेदीचे होते. त्या दिवसांत १०० डॉलरपेक्षा कमी किमतीच्या कपड्यांवर कर नव्हता, मात्र पाठवणावळ मिळवून आकडा १०० च्या आत राहायला हवा. त्या तारखांच्या कुर्त्या पहिल्या रकान्यात येतील, दुसऱ्यात येणार नाहीत. दुसरे म्हणजे, विक्रीसाठी म्हणून कर न भरता आणलेल्या मालातले काही आपण घरी वापरले किंवा कोणाला भेट दिले असेल, तर त्याची खरेदीची किंमत तिसऱ्या रकान्यात येते.

गोंडा | १७ ऑक्टोबर
त्या तीन दिवसांत संकेतस्थळावरून २१० डॉलरच्या कुर्त्या गेल्या, एकही १०० च्या वर नाही, आणि सुदैवाने प्रणालीने त्यांच्यावर कर लावलेला नाही. मंडळाच्या पूजेला चार निरांजने दिली होती, खरेदी प्रत्येकी ९ डॉलर. ही कोणी मोजत असेल, असे मनातही आले नव्हते.

स्टॉलच्या पाटीचा फोटो सापडला. यजमानांनी मराठीत लिहिले होते: "सर्व किमती सर्व करांसह." तेव्हा १,४७५ ला १.०८२५ ने भागले की १,३६२.५९ डॉलर विक्री आणि बाकीचे ११२.४१ कर, बरोबर ना?

अडकित्ता | १७ ऑक्टोबर
अगदी बरोबर. पाटी आहे, फोटो आहे, आणखी काय पुरावा हवा?

वेलदोडा | १७ ऑक्टोबर
दुर्दैवाने पाटी पुरेशी नाही. किमतीत विक्रीकर धरलेला आहे, हे ग्राहकाला लेखी आणि स्पष्ट सांगितलेले असावे लागते, आणि नुसते "सर्व कर समाविष्ट" असे शब्द टेक्ससच्या नियमात मोघम मानले आहेत. तसे स्पष्ट नसेल, तर लिहिलेली किंमत कराशिवायची आहे असे गृहीत धरतात. आपल्या नोंदींवरून उलट सिद्ध करता येते, परंतु हळद लागलेल्या वहीवर मी तरी भिस्त ठेवणार नाही. पूर्ण १,४७५ वर कर भरलेला बरा, तो १२१.६९ डॉलर होतो.

कोष्टक | १७ ऑक्टोबर
म्हणजे वाद एकूण नऊ डॉलर अठ्ठावीस सेंटचा आहे.

जर्सीकर | १७ ऑक्टोबर
या नऊ डॉलरांवरून आठवले, स्टॉलला जाण्यायेण्याचे गाडीचे मैल आयकराच्या शेड्यूल सीमध्ये (धंद्याच्या नफातोट्याच्या तक्त्यात) दाखवायला विसरू नये.

गोंडा | १८ ऑक्टोबर
काल रात्री वेबफाइलवर, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन सेवेवर, भरून टाकले. पहिल्या रकान्यात ४,२७५, दुसऱ्यात २,२२५, तिसऱ्यात निरांजनांचे ३६. विक्रीवर कर १८३.५६ आणि निरांजनांवर २.९७ डॉलर. वेळेत भरल्याची अर्ध्या टक्क्याची सूट मिळाली, तिच्यात चहाही येणार नाही. पण उशीर झाला असता, तर कर असो वा नसो, ५० डॉलर दंड होता, तो वाचला. सर्वांचे आभार, कोष्टकांच्या पाच स्तंभांचे विशेष.

पुढच्या स्टॉलसाठी यजमानांनी नवी पाटी केली आहे: "किमतीत टेक्ससचा विक्रीकर समाविष्ट आहे."

वेलदोडा | १८ ऑक्टोबर
तीच ओळ इंग्रजीतही लिहून घ्यावी.