मदत हवी आहे: घासात अमरवेल शिरलीय, मोडू की वाचवू?

नमस्कार मंडळी. राहुरी तालुक्यात आमचा १२ गुंठे लसूणघास आहे (आमच्याकडे नुसतं घासच म्हणतात). वाण आर.एल. ८८, पेरून दीड वर्ष झालं. तीन गाई आणि एक कालवड त्याच्यावरच आहेत. दोन किलो बी पिशवीबंद आणलं होतं, कमी पडलं म्हणून किलोभर बाजारातून सुटं घेतलं.

बांधाच्या कडेला हरळी, लव्हाळा आहेच, ते मी खुरपून काढते. खरा जीव खाल्लाय तो अमरवेलीनं. मागच्या उन्हाळ्यात ताटलीएवढा पिवळा डाग दिसला. जवळ जाऊन बघते तर शेवया सांडल्यासारखी वेल. पान नाही, मूळ सापडत नाही, आणि काडीला असे वेढे की सोडवायला गेलं तर काडीच हातात येते. ओढून काढली आणि विसरले. आज १४ पैकी चार वाफ्यांत खाटेएवढे डाग आहेत.

दुकानदारानं टू-फोर-डी दिलंय. "उसात सर्रास मारतात, काही होत नाही," म्हणाला. बाटली अजून फोडली नाही. उसात ते रुंद पानाचं तण मारायला वापरतात, आणि घास रुंद पानाचाच की! सासूबाई म्हणतात मोडा आणि कांदा लावा. मोडला तर पेंडेचा खर्च झेपायचा नाही. काय करू?

प्रतिसाद १
ताई, बाटली परत करा. त्यानं वेल राहील बाजूला, घास आधी जाईल. दोन गोष्टी सांगा. वेलीला फुलं आलीत का? आणि ओढलेली वेल कुठं टाकली होती?

धागाकर्ती
आत्ताच बघून आले. दोन वाफ्यांत पांढऱ्या बारक्या फुलांचे झुपके आहेत. एक झुपका चोळला तर हाताला बारीक दाणे लागले. वेल गव्हाणीत टाकली होती, उरलेली उकिरड्यावर. तेच शेणखत नंतर घासाला घातलं. आता लिहितानाच कळतंय मला.

प्रतिसाद १
होतं असं, आम्हीही केलंय. अमरवेलीचं बी गाईच्या पोटातून शाबूत बाहेर पडतं आणि जमिनीत दहा-दहा वर्षं टिकतं. शिवाय हिरवा तुकडा विळ्याला किंवा भाऱ्याला लागून दुसऱ्या वाफ्यात पडला, तर तिथंही काडी धरतो. म्हणून चारा कापताना डागाचे वाफे सगळ्यात शेवटी घ्यायचे.

फुलोऱ्याची वाट बघू नका. डागाच्या बाहेर हातभर चांगला घासही धरा आणि सगळं जमिनीलगत कापा. एरवी आपण तीन बोटं खुंट ठेवतो, तिथंच वेलीचा वेढा उरतो आणि पुन्हा चढतो. कापलेलं उचलून बांधावर नेऊ नका, दाणे सांडतात. जागेवरच वाळवून जाळा. घासाची मुळं खोल असतात, बरेचसे ठोंब पुन्हा फुटतात. जे नाही फुटले त्यांची आशा सोडा.

प्रतिसाद २
वरच्यांचं बरोबर आहे. तणनाशकाचं एवढंच सांगतो की पेंडीमिथॅलीन उगवणाऱ्या बियांवर चालतं, काडीला चिकटलेल्या वेलीवर नाही. इमाझेथापायर काही जण मारतात, पण माझ्याकडच्या बाटलीवर सोयाबीन आणि भुईमूग लिहिलंय, घास नाही. जे रोज गव्हाणीत जाणार त्यावर अंदाजानं फवारू नका. दूध घरातली पोरंही पितात.

आणि मोडलाच तर त्या जागी कांदा नको! अमरवेल कांद्यावरही चढते, हरभरा आणि मिरचीवरही. मका, ज्वारी किंवा नेपियर गवत घ्या. बी उगवून आलं तरी धरायला काडी मिळत नाही, आठ-दहा दिवसांत वाळतं. नेपियरचा फुले जयवंत हा वाण तुमच्या राहुरी विद्यापीठाचाच आहे, ठोंब मिळाले तर बघा.

प्रतिसाद ३
एक शंका. अमरवेलीचं बी त्या सुट्या बियातूनच आलं नसेल ना? सुटं बी पडलं होतं तेच चार वाफे आहेत का हे?

धागाकर्ती
हो. विहिरीकडचे शेवटचे चार. पिशवीतलं बी तिथवर पुरलंच नव्हतं. किलोमागे थोडे पैसे वाचले म्हणून खूश झाले होते तेव्हा.

घरात बोलणं झालं. दाणे धरलेले दोन वाफे कापून जाळायचे, नांगरायचे आणि पाऊस पडला की नेपियर लावायचा. उरलेल्या दोन वाफ्यांत तुम्ही सांगितलं तसं जमिनीलगत कापणार, दर चार दिवसांनी फेरी मारणार. दहा वाफे चांगले आहेत, गाईंचं भागेल. त्या दोन वाफ्यांसाठी वेगळा विळा काढून ठेवलाय, मुठीला लाल चिंधी बांधून.

शेवटचं विचारते. वरचा घास दोन दिवसांत वाळतो, पण खालचा लगदा ओलाच राहतो, पेट घेत नाही. डिझेल शिंपडू का?

प्रतिसाद १
डिझेल नको, जमीन आणि ठोंब दोन्ही जातील. उसाचं पाचट पसरा, दुपारी वारा पडल्यावर पेटवा आणि पाण्याची बादली जवळ ठेवा.