टेरेसचं पाणी खालच्या काकूंकडे उतरतंय, सगळं फोडावंच लागेल का?

नमस्कार मंडळी,
धायरीत आमचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, इमारत १२ वर्षांची. हॉलला लागून १० बाय १४ फुटांचा टेरेस आणि त्याच्या बरोबर खाली काकूंची बेडरूम. गेल्या पावसाळ्यात तिथे छताला ओल आली, यंदा थेंब पडायला लागले. काकू ७२ वर्षांच्या, एकट्या राहतात. रात्री उठून पलंगाशेजारची बादली रिकामी करतात, पण एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

दोघे जण बघून गेले. एक म्हणतो, टाइल्सचे सांधे इपॉक्सीने भरून वर कोटिंग मारू, दोन दिवसांचं काम. दुसरा टाइल्स आणि ब्रिकबॅट कोबा (स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा थर) उखडून थेट स्लॅबपासून सुरुवात करा म्हणतो.

परवा उघडीप होती म्हणून मी पाणी धरून पाहिलं. जाळी काढून टेरेसचं पाणी जाण्याच्या पाइपाच्या तोंडात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवला आणि २ इंच पाणी ठेवलं. खाली छतावर ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारली होती. २४ तासांत ओल रेघेबाहेर गेली नाही. बोळा काढला आणि पाऊण तासात काकूंचा फोन आला, थेंब सुरू!

म्हणजे दोष पाइपाच्या जोडात आहे का? तसं असेल तर अख्खा टेरेस कशाला फोडायचा? कुणी असं काम करून घेतलंय का?

प्रतिसाद:
अंदाज बरोबर वाटतो, पण २४ तास कमी आहेत. कोब्यातून झिरपायला वेळ लागतो, ४८ ते ७२ तास धरा. मग फरशी कोरडी ठेवून नुसत्या पाइपात तीन-चार बादल्या ओता. तेवढ्यानेही ठिबकलं तर जोडच गेलाय. मग पाइपाभोवती दोन फुटांचा चौकोन स्लॅबपर्यंत फोडा, जोड बदला, भोक नॉन-श्रिंक ग्राउटने (वाळल्यावर न आकसणारा सिमेंटचा मसाला) भरा. त्यावर पॉलिमर कोटिंगचे दोन हात, मध्ये फायबरची जाळी, आणि कोटिंग पाइपाच्या तोंडात वळवून घ्या. बहुतेक जण नेमकं तिथेच हात आखडतात. टाइल्स बसवण्याआधी पुन्हा पाणी धरा. नुसतं वरून कोटिंग मारून हे थांबणार नाही.

आणि आजच बघा, काकूंच्या छतातला पंखा किंवा दिवा ओलीजवळ असेल तर त्या खोलीचा एमसीबी बंद करून ठेवा.