मदत हवी आहे: जिन्यातल्या टू-वे स्विचची जोडणी

नमस्कार मंडळी. आमच्या जिन्यात एकच दिवा आहे, खाली-वर दोन टू-वे स्विच (म्हणजे दिवा दोन्हीकडून चालू-बंद करता येतो असे). खालचा जळाला म्हणून वायरमनने नवीन ६ अँपिअरचा बसवला. आता वरचा स्विच एका बाजूला असेल तरच खालून दिवा लागतो. आईचे गुडघे दुखतात, रात्री अंधारात ती जिना चढते, म्हणून जीव टांगणीला लागतो.

बोर्डातल्या तिन्ही वायरी लालच! जुन्या बेकेलाइटच्या स्विचवरची खूण जळून गेली आहे. नव्याचा मधला स्क्रू कॉमन आहे, म्हणजे स्विच कुठल्याही बाजूला असला तरी जोडलेलं राहणारं टोक. तिथे कॉमनच्या वायरीऐवजी वरच्या स्विचकडे जाणारी एखादी वायर लागली असावी, असं मला वाटतं. मेन बंद ठेवून, मल्टिमीटरने खरी कॉमन वायर खात्रीने कशी ओळखायची? वरचा स्विचही खोलावा लागेल का?