मदत हवी आहे: आयुष्यात पहिल्यांदा बर्फात जातोय, स्कीइंगला काय घालायचं नि काय माहीत असायला हवं?

धुऱ्यावरून

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातले. कोरडवाहू शेती, कपाशी नि तूर. मुलगी १९ वर्षांची, अमरावतीला शारीरिक शिक्षणाचं शिकते. स्कीइंग शिकायचं तिनं दोन वर्षांपासून डोक्यात घेतलं आहे. यंदा तूर निघाली की फेब्रुवारीत आम्ही बापलेक सहा दिवस गुलमर्गला जातोय. प्रशिक्षक घेऊन दोघंही शिकणार. माझं वय ४७.

आमच्याकडे आभाळातून बर्फ पडतो तो गारपिटीचा, आणि तो पडला की हरभरा भुईसपाट होतो. बर्फाशी आमची ओळख एवढीच. थंडी म्हणजे रानडुकरांसाठी जागलीला जातो तेव्हाची. तेव्हा दोन सुती सदरे, वर स्वेटर, डोक्याला दुपट्टा, समोर शेकोटी, एवढ्यात भागतं.

गेल्या महिन्यात शहरातल्या एका दुकानातून पोरीसाठी जॅकेट घेतलं. दुकानदार म्हणाला, बर्फात बिनधास्त घाला. घरी आणून न्हाणीत खुंटीला टांगलं नि खांद्यावर तांब्यातून हळूहळू पाणी सोडलं. पाचच मिनिटांत शिवणीतून पाणी आत गेलं, अस्तर ओलं झालं. परत न्यायला गेलो तर वापरलेला माल घेत नाही म्हणाला. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण पोर हे घालून बर्फात पडली असती तर, हा विचार जास्त त्रास देतोय. म्हणून इथं विचारतो.

सगळं विकत घेण्याएवढं बजेट नाही. काय घ्यावं, काय तिथं भाड्यानं मिळतं? फवारणीचे गमबूट, रबरी हातमोजे, चष्मा घरी आहे, चालेल का? माझ्या वयाला शिकणं जमेल का? आणि सुती कपडे नको असं सगळीकडे वाचतो, ते का? जन्मभर कापूस पिकवला, म्हणून नीट समजून घ्यायचं आहे.

हिमरेषा

दादा, तांब्याची परीक्षा एकदम बरोबर केलीत. मी नाशिकची. गुलमर्गलाच भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेत प्राथमिक कोर्स केला आहे.

आधी कापसाचं. स्कीइंग करताना माणूस घामाघूम होतो. नवशिक्या तर जास्तच, कारण दहा वेळा पडून दहा वेळा उठायचं असतं. सुती बनियन तो घाम पिऊन घेते आणि धरून ठेवते. मग तुम्ही उतारावर उभे राहून आपल्या पाळीची वाट बघता, वारा लागतो, आणि तीच ओली बनियन अंगातली ऊब ओढून घेते. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते आणि पॉलिस्टर पटकन वाळतं. म्हणून अंगाला चिकटून पातळ लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल, वर फ्लीस (मऊ, केसाळ कृत्रिम कापडाचं उबदार जॅकेट) नाहीतर घरचा लोकरी स्वेटर, आणि सगळ्यात वर पाणी-वारा अडवणारं जॅकेट नि पँट. मधला थर गरम झालं की काढता येईल असा हवा. आतून सुती काही नको, मुलीच्या अंतर्वस्त्रांतही नको, तिला हे आठवणीनं सांगा.

पैसे तीन गोष्टींवर खर्च करा: थर्मल, हातमोजे, मोजे. या अंगाला लागून असतात, दुसऱ्याच्या वापरायला नको वाटतात आणि पुढेही कामाला येतात. जॅकेट, पँट, स्की, बूट, काठ्या, हेल्मेट सगळं गुलमर्गला भाड्यानं मिळतं. जॅकेट भाड्याचं असलं तरी शिवणी नि चेन बघूनच घ्या.

रबरी हातमोज्यात हाताला घाम येतो, तो आतच राहतो आणि बोटं गारठतात. अस्तर असलेले वॉटरप्रूफ हातमोजेच हवेत. जमलं तर एक जोड जास्तीची, कारण दुपारपर्यंत पहिली भिजते. फवारणीचा चष्मा उडणारे थेंब अडवायला बनवलेला, तो तिथं उपयोगाचा नाही. ताज्या बर्फावरून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत वर येतात. उघड्या डोळ्यांनी दिवसभर राहिलं तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी गळतं, उघडवत नाहीत. अतिनील किरण अडवणारा, धुकं न धरणारा स्की गॉगलच घ्या. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीसुद्धा लावा, उन्ह खालूनही भाजतं.

निवृत्त जवान

भाऊ, मी बुलडाण्याचा. नोकरीतले बरेच हिवाळे डोंगरात गेले. ताईंनी कपड्यांचं सांगितलं, मी पायांचं सांगतो.

गमबूट हिंडाफिरायला चालतील, ते तिथंही भाड्यानं मिळतात. स्कीचा बूट वेगळा, कडक कवचाचा, नडगीला घट्ट धरणारा. मोजा एकच घाला, पातळ, लोकरीचा, गुडघ्याखालपर्यंत येणारा. थंडी म्हणून दोन जोड चढवायचा मोह होतो, पण मग चुण्या पडतात, फोड येतात, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतो. थर्मलची मोरीही बुटात कोंबू नका, वरच संपवा. मापाची खूण अशी: सरळ उभं राहिलं की अंगठा पुढं जेमतेम टेकतो, गुडघे वाकवले की सुटतो. टाच उचलली जात असेल तर बूट बदलून मागा, संकोच करू नका.

भाड्याच्या दुकानात वजन नि उंची विचारतात. वजन खरं सांगा आणि नवशिके आहोत हेही सांगा. त्यावरूनच बूट स्कीला धरून ठेवणारी कळ किती घट्ट ठेवायची ते ठरतं. जास्त घट्ट राहिली तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो.

वयाचं म्हणाल तर ४७ काहीच नाही. निंदण करताना आपण तासन्‌तास उकिडवे बसतो, ती मांड्यांची ताकद तिथं कामाला येते. आतापासून रोज भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं टेकून राहायची सवय करा, मांड्या थरथरेपर्यंत. पहिला धडा थांबायचा असतो. बंडी जशी मागं रुंद नि जुवाकडं निमुळती, तशा दोन्ही स्की: टोकं जवळ, मागची बाजू फाकलेली. टोकं एकमेकांवर चढू देऊ नका. भीतीनं माणूस मागं रेलतो आणि तिथंच फसतो, कारण मागं रेललं की स्की पळतात. नडगी बुटाच्या जिभेवर दाबून पुढं झुका. पडायची वेळ आलीच तर बाजूला पडा, हात मागं टेकू नका. उठताना स्की उताराला आडव्या करून घ्या, नाहीतर उठता उठता घसराल.

आणि एक, दुपट्टा घरी ठेवा. मुलीची ओढणी, लांब वेणी, मफलरची लोंबती टोकं उतारावर वर ओढून नेणाऱ्या लिफ्टमध्ये अडकू शकतात. गळ्यात नळीसारखा बफ घाला, वेणी जॅकेटच्या आत. माकडटोपी हेल्मेटखाली बसत नाही, तिथंही बफच.

धुऱ्यावरून

ताई, सैनिक दादा, दोघांचेही मनापासून आभार. संध्याकाळी पोरीला सगळं वाचून दाखवलं.

कापसाचं आता पक्कं समजलं. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीला कापूस नेला की आधी ओलावा मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ च्या वर गेला की घेत नाहीत. दव पडलेल्या सकाळी वेचलेला कापूस किती पाणी धरून असतो ते गाठोडं उचलताना हाताला कळतं. तेच पाणी अंगाला चिकटून राहणार, असं तुम्ही सांगताय.

थर्मल, हातमोजे, गॉगल नि मोजे घेणार, बाकी भाड्यानं. अजून दोन शंका. उंचीचा त्रास होतो का? आम्ही चिखलदऱ्याच्या वर कधी गेलो नाही. आणि बर्फ पडलाच नाही तर?

हिमरेषा

चिखलदरा साधारण ११०० मीटर, गुलमर्ग साधारण २६५० मीटर. बहुतेकांना फक्त दम लागतो. पहिला दिवस हिंडण्यात घालवा, तहान नसली तरी पाणी पीत राहा. डोकं दुखलं, मळमळलं तर मुलीनं लपवायचं नाही, प्रशिक्षकाला सांगायचं. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळजवळ ३९५० मीटरपर्यंत नेतो. बघायला जरूर जा, पण तिथून स्कीवर उतरायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच उतारांवर हिमस्खलनात दोन परदेशी स्कीअर गेले. तुमची जागा खालचा सपाट, हलका उतार. तिथंही एक नियम पाठ करून जा: पुढं, खाली असलेल्याचा मान आधी, वरून येणाऱ्यानं त्याला चुकवायचं. आणि वाटेच्या मधोमध थांबायचं नाही.

बर्फाचा भरवसा खरंच राहिला नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग बरेच दिवस कोरडं होतं आणि २०२५ ला खेलो इंडियाचे तिथले हिवाळी खेळ बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. म्हणून पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा.

निवृत्त जवान

प्रीपेड सिम बाहेरच्या राज्यातलं असेल तर जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. निघायच्या आधी निदान एक नंबर पोस्टपेड करून घ्या. मोबाईल आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा, गारठ्यात बॅटरी भराभर उतरते.

धुऱ्यावरून

सिमचं तर डोक्यातच नव्हतं, उद्याच दुकानात जातो. शेवटचं एकच: कटऱ्यापर्यंत रेल्वे नि तिथून वंदे भारतनं श्रीनगर असं ठरवतोय. पुढं गुलमर्गपर्यंत टॅक्सी थेट जाते का?

निवृत्त जवान

रस्ता मोकळा असेल तर थेट जाते, श्रीनगरहून ५० किलोमीटरच्या आसपास. बर्फ साचला असेल तर तंगमार्गला उतरून चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीत बसावं लागतं, पुढचा साधारण १३ किलोमीटरचा घाट त्याच गाडीनं. निघताना श्रीनगरच्या टॅक्सीवाल्याशी हे आधीच बोलून घ्या आणि थर्मल अंगावर घालूनच बसा. तंगमार्गला रस्त्यात उभं राहून बॅग उघडायची वेळ येऊ नये.