वाचक हवेत म्हणून दुसऱ्यांचं वाचायचं?

शाईचा डाग:
ऑनलाइन लिहायला लागलेल्या माणसाला सगळे एकच सांगतात: नियमित लिही, मथळे आकर्षक दे, सगळीकडे शेअर कर. माझं म्हणणं उलटं आहे. सुरुवातीला जाहिरात जवळजवळ बंद ठेवा आणि तो वेळ इतरांचं वाचून त्यांना नीट प्रतिसाद देण्यात घाला. वाचक तिथूनच मिळतात.

अनोळखी माणसाचा दुवा उघडायची कोणालाच निकड नसते. ‘नवीन लेख टाकलाय, जरूर वाचा’ हा निरोप सगळ्या ग्रुपांवर फिरवला की अंगठे जमतात, तेही लेख न उघडता. पण तुमच्या लेखाखाली कोणी चौथ्या परिच्छेदातल्या विधानावर बोट ठेवून ‘हे वरच्या उदाहरणाशी कसं जुळवता?’ असं विचारलं, तर हा कोण बुवा म्हणून तुम्ही त्याच्या नावावर टिचकी मारताच.

नीट प्रतिसाद म्हणजे लेख वाचल्याशिवाय जो लिहिताच आला नसता तो. ‘सुंदर’, ‘मस्त’, ‘पुलेशु’ (पुढील लेखनास शुभेच्छा) कोणत्याही लेखाखाली चालून जातात. (पुलेशुवाल्यांवर राग नाही. ती हजेरी असते, तिचा मान ठेवावा.) लेखकाच्या नजरेतून सुटलेली माहिती द्या, जिथे अडलात ती जागा दाखवा, पटलं नसेल तर का ते सांगा. आणि खाली स्वतःच्या लेखाचा दुवा डकवू नका. ज्याला हवा तो शोधत येईल.

तसंच, आपल्याकडे आलेल्या प्रतिसादाला नुसतं ‘धन्यवाद’ नको. ज्याने विचार करून चार ओळी लिहिल्या, त्याला दोन तरी परत मिळाव्यात.

मतं येऊ द्यात.

वाकडी ओळ:
असहमत. बऱ्यापैकी ठामपणे असहमत.

तुम्ही वेळेचा हिशोब मांडलाच नाही. केविन केली या अमेरिकी लेखकाने २००८ मध्ये मांडलेली ‘हजार खरे चाहते’ (तेवढे असले की कलावंताचं पोट भरतं) ही कल्पना या विषयात सगळेच उगाळतात, म्हणून तोच आकडा घेऊ. एकेकाचं वाचून, विचार करून प्रतिसाद द्यायला अर्धा तास धरला, तर हजार जणांचे ५०० तास. तेही प्रत्येकाकडे एकदाच गेलात आणि सगळेच्या सगळे परत फिरून आले तर. तेवढ्या तासांत माणूस किती लिहील, किती खोडेल! नवशिक्याचं लेखन कच्चं असतं ते सराव कमी म्हणून. वाचक वाढवून ते पिकत नाही. लेख चांगला असेल तर एक वाचक तो दुसऱ्याला पाठवतो. नसेल तर तुम्ही गोड बोलून आणलेला माणूस भिडेखातर चार ओळी लिहून जातो आणि पुन्हा फिरकत नाही.

शिवाय येतं कोण? लिहिणारेच. मी तुझं वाचलं, आता तू माझं वाच. उंटाच्या लग्नात गाढवं गायला बसली, हा म्हणतो काय रूप, तो म्हणतो काय आवाज! अहो रूपम् अहो ध्वनिः. आपल्याकडे याला कंपूबाजी म्हणतात.

अर्धविराम:
+१ वाकडी ओळ.

माझी अडचण हेतूची आहे. वाचक मिळावेत म्हणून दाखवलेल्या आस्थेला आस्था म्हणायचं का? डेनिस रेगन या मानसशास्त्रज्ञाचा १९७१ मधला एक प्रयोग आहे. संशोधकाचा साथीदार मध्येच बाहेर जाऊन येताना समोरच्यासाठी, न मागता, थंड पेयाची बाटली घेऊन आला. नंतर त्याने सोडतीची तिकिटं विकायला काढली. बाटली मिळालेल्यांनी इतरांच्या जवळपास दुप्पट तिकिटं घेतली. गंमत पुढेच आहे. बाटली मिळालेल्यांना तो माणूस आवडला होता की नाही, याने खरेदीत फारसा फरक पडला नाही. उपकार फेडायचे होते, एवढंच. तुमच्या प्रतिसादामागून येणारे वाचक हे असे आहेत. लेखाशी त्यांना देणंघेणं नाही, तिकीट घेऊन मोकळं व्हायचंय.

शाईचा डाग:
अर्धविराम, प्रयोग चपखल आहे, पण तो ‘छान छान’ वाटत फिरणाऱ्यांना लागू पडतो. देणं माणूस एकदा फेडतो, फार तर दोनदा. पाचव्यांदा येणारा फेडायला येत नाही.

हेतू मिश्रच असतात. वाचक हवेत ही इच्छा मनात ठेवूनच मी एखादा लेख उघडतो. वाचता वाचता ती विसरून लेखात गुंतलो तर लिहितो. शेवटपर्यंत विसरलो नाही, तर प्रतिसाद न देता पुढे जातो. एवढीच चाळणी मी वापरतो, आणि तिच्यातून बहुतेक लेख खाली जातात. त्यामुळे वाकडी ओळ यांचे ५०० तास माझ्या बाबतीत भरतच नाहीत.

वाचनमात्र:
नावाप्रमाणे मी नुसती वाचते, पण इथे राहवलं नाही. तुम्ही सगळे लेखक आणि प्रतिसादक या दोघांबद्दलच बोलताय. तिसरे आम्ही, आणि आम्ही संख्येने सगळ्यांत जास्त. वेबसाइटींच्या वापराचा अभ्यास करणाऱ्या याकोब नील्सेनने २००६ मध्ये ऑनलाइन सहभागाचं ढोबळ प्रमाण मांडलं होतं: शंभरातले ९० नुसते वाचतात, ९ अधूनमधून लिहितात आणि बहुतांश लेखन उरलेल्या एकाचं असतं. प्रमाण जागेप्रमाणे बदलत असेल, पण चित्र ओळखीचं आहे.

म्हणजे उघड्यावर दिलेला प्रतिसाद एका माणसाला दिलेला नसतोच. तो आम्ही सगळे वाचत असतो. मी ज्यांना नेमाने वाचते त्यांतले काही मला दुसऱ्याच कोणाच्या लेखाखाली सापडले. एकाने तर भयंकर तापलेल्या वादात समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्याहून चांगलं मांडून दाखवलं आणि मग ते खोडलं. मी त्याचं सगळं जुनं लेखन शोधून वाचलं. मी त्याचं काही देणं लागत नव्हते, आणि मी अस्तित्वात आहे हे त्याला आजही ठाऊक नाही. अर्धविराम, तुमच्या बाटलीवाल्या प्रयोगात मी कुठे बसते?

टाचणी:
प्लॅटफॉर्मबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून.

ट्विटरने २०२३ मध्ये पोस्टचा क्रम लावणाऱ्या यंत्रणेचा बराच कोड खुला केला. त्यात पोस्टला लाइक मिळण्याच्या शक्यतेला वजन होतं ०.५, कोणी उत्तर देण्याच्या शक्यतेला १३.५, आणि त्या उत्तराची मूळ लेखकाने दखल घेण्याच्या शक्यतेला ७५. लाइकच्या दीडशे पट! धागाकर्ते शाईचा डाग खूश होतील, पण जरा थांबा. जे मोजलं जातं त्याचा कारखाना निघतो. पहिल्या तासात एकमेकांच्या पोस्टखाली ठरवून कमेंट टाकणारे ग्रुप निघाले. आता तर यंत्राकडून लिहवून घेतलेले प्रतिसाद येतात. लेखाचा सारांश, मग कौतुकाचं एक वाक्य, शेवटी एक प्रश्न. ‘वाचल्याशिवाय लिहिता आला नसता’ ही शाईचा डाग यांची कसोटी यंत्र आरामात पार करतं.

हे नवीनही नाही. ब्लॉगांखाली प्रतिसादाच्या नावाने दुवे पेरून शोधयंत्रात वर चढायची युक्ती इतकी माजली होती की २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली. ती लावलेल्या दुव्याला क्रमवारीत वजन मिळेनासं झालं. दुवे पेरणारे तरी थांबले नाहीत, तो भाग वेगळा.

शाईचा डाग:
यंत्र सारांश देईल. ‘तुम्ही सांगितलं तसं करून पाहिलं, तिसऱ्या पायरीला फसलं’ हे त्याने लिहिलं तर ते खोटं असेल, आणि लेखकाने एक उलटा प्रश्न विचारला की उघडं पडेल. प्रतिसाद टाकून पळणारा आणि उलट प्रश्नाला थांबणारा यांतला फरक दोन फेऱ्यांत कळतो.

रिकामा समास:
कंपूबाजीचा आरोप मला खरा वाटतो, पण त्याचं औषध प्रतिसाद कमी करणं हे नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं की नवी माहिती जवळच्यांपेक्षा पुसट ओळखींतून जास्त लांब जाते. जवळचे सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे तिथली बातमी तिथेच फिरत राहते. म्हणून कविता करणाऱ्याने फक्त कवींच्या गल्लीत फिरू नये. खगोलशास्त्रावर किंवा बागकामावर कोणी चांगलं लिहीत असेल तर तिथे जावं, अट एवढीच की त्या विषयाची खरी गोडी हवी. तिथले वाचक स्वतः कविता करत नाहीत, त्यामुळे परतफेडीचा प्रश्नच मिटतो.

कोपऱ्यातला:
माझ्यासारख्या बुजऱ्याने काय करायचं? दोन ओळी लिहितो, खोडतो, टॅब बंद करतो.

वाचनमात्र:
कोपऱ्यातला, मग आमच्यातच राहा की! आणि लिहायचंच असेल तर ज्या लेखाखाली कोणीच काही लिहिलेलं नाही तिथून सुरू करा. गर्दी नसते, आणि लेखक तुमचं प्रत्येक अक्षर दोनदा वाचतो.

वाकडी ओळ:
वाचनमात्र यांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तो माणूस ओळखी वाढवत नव्हता, उत्तम लिहीत होता. जागा दुसऱ्याची होती, इतकंच. म्हणून माझी सूचना: प्रतिसाद दोन-तीन परिच्छेदांच्या पुढे जायला लागला की तो तिथून उचला, स्वतःच्या जागी लेख म्हणून पूर्ण करा आणि सुरुवातीलाच मूळ लेखाचा दुवा द्या. लेखन तुमच्या नावावर राहतं, मूळ लेखकाला चार वाचक मिळतात, आणि दुसऱ्याच्या अंगणात भाषण ठोकल्यासारखंही होत नाही.

शाईचा डाग:
हे मी करतोच. पण त्यासाठी आधी त्यांचं वाचावं लागतं ना?

वाकडी ओळ:
वाचू नका असं मी कुठे म्हटलं? दर दारात हजेरी लावू नका म्हटलं.

अर्धविराम:
मग दोघं एकच बोलताय की.

वाकडी ओळ:
अजिबात नाही. त्यांच्या पद्धतीत आधी प्रतिसाद आणि उरलेल्या वेळात लेख, माझ्या पद्धतीत बरोबर उलट. लिहायला दिवसाचा एकच तास हाताशी असेल तर या क्रमाने सगळं बदलतं, आणि नोकरी-घर सांभाळून लिहिणाऱ्या बहुतेकांकडे तेवढाच असतो.