शब्दचर्चा : ‘दुष्काळसदृश’, ‘अतिवृष्टी’ आणि ‘सज्जता’

अक्कलकोट : ‘दुष्काळ’ आणि ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ यांत कागदोपत्री फरक काय? गावात दोन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात.

सांगोला : फरक मोठा आहे. २०२३च्या खरिपात राज्यातल्या ४० तालुक्यांत ‘दुष्काळ’ जाहीर झाला. आपल्या सोलापूर जिल्ह्यातले बार्शी, माळशिरस, सांगोला, करमाळा, माढा त्यात होते. तो २०१६च्या दुष्काळ संहितेनुसार ठरतो. आधी पावसाची तूट आणि खंड, मग पेरा, उपग्रहावरून पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा, भूजल व जलसाठे, शेवटी निवडक गावांत शिवारात पडताळणी. ‘सदृश’ त्या वर्षी फक्त पावसावर ठरलं : जून ते सप्टेंबर सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिमीपेक्षा कमी पाऊस झालेलं महसूल मंडळ (तालुक्यातला काही गावांचा गट). जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सूट, परीक्षा शुल्कमाफी हे दोन्हीकडे मिळालं. केंद्राकडे मदतीचा प्रस्ताव मात्र ‘दुष्काळ’ जाहीर झाल्यावरच जातो.

मोहोळ : ‘अतिवृष्टी’चाही असाच घोळ आहे. महसूल खात्याच्या हिशेबात मंडळात २४ तासांत ६५ मिमीहून जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी. हवामान खात्याच्या भाषेत ६४.५ ते ११५.५ मिमी हा नुसता ‘मुसळधार’. म्हणजे ‘मुसळधार’चा इशारा आला तरी महसुली अतिवृष्टीची तयारी ठेवायला हवी. शिवाय सीना नदी वरच्या भागातल्या पावसानंही चढते. आपल्या मंडळात ६५ मिमी न पडताही रान पाण्याखाली जातं. अशा वेळी अर्जात ‘अतिवृष्टी’ लिहून थांबू नका. ‘सीनेच्या पुराचं पाणी शिरून नुकसान’ असं स्पष्ट लिहा, गट क्रमांक आणि बाधित क्षेत्र द्या. ३३ टक्के किंवा अधिक नुकसान असेल तरच मदत बसते.

करमाळा : हे सगळे शब्द नुकसान झाल्यावरचे. ‘सज्जता’ला मी वेगळा अर्थ देईन : आकडा आधी ठरलेला, त्यासमोर काम आणि ते करणारा माणूस लिहिलेला. पाणीटंचाईच्या आराखड्यात निदान ऑक्टोबरपासून तीन टप्पे तरी असतात. पुरासाठी गावपातळीवर तसं काही दिसत नाही, आणि २०२३ला दुष्काळ जाहीर झालेल्या याच करमाळा-माढ्यात २०२५च्या सप्टेंबरात सीनेचा पूर शिरला. सीना-कोळेगाव धरणातून सोडलेल्या पाण्याचा (विसर्गाचा) निरोप क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी, असा येतो. तेवढ्या पाण्यात आपला पूल बुडतो का, हे गावाला कळत नाही. पुलाच्या खांबावर रंगाने पातळ्या आखा. प्रत्येक पुरात कोणत्या विसर्गाला पाणी कुठल्या खुणेपर्यंत आलं, ते ग्रामपंचायतीच्या वहीत नोंदवा. मग खुणेप्रमाणे ठरवा : पहिल्या खुणेला नदीकाठच्या पाण्याच्या मोटारी वर काढायच्या, दुसरीला जनावरं हलवायची, तिसरीला रस्ता बंद. कुणी काय करायचं, ते नावानिशी पावसाळ्याआधी ग्रामसभेत वाचून दाखवा.