चर्चा : हान काळापूर्वी ‘ताओ पंथ’ नावाचे काही होते का?

धागालेखक :
ताओवादाचा, म्हणजे प्राचीन चीनमधील एका विचारधारेचा, इतिहास सांगताना आधी लाओत्से, त्याच्यामागून च्वांगत्से या दोन विचारवंतांची मांडणी सर्रास केली जाते आणि वाचकाचा समज होतो की ही एक सलग गुरुपरंपराच होती. माझ्या मते ही परंपरा हान राजवंशाच्या काळात (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) मागाहून जुळवलेली आहे. ‘ताओ पंथ’ हे नाव प्रथम ठळकपणे दिसते ते हान दरबारातील इतिहासकार सिमा तान (मृत्यू इ.स.पू. ११०) याने केलेल्या सहा पंथांच्या वर्गवारीत. त्याचा मुलगा सिमा चियान लाओत्सेचे चरित्र लिहितो खरा, पण लाओत्से नेमका कोण याविषयी आणखी दोन नावे पुढे करून मोकळा होतो. च्वांगत्सेच्या नावावरील ग्रंथाचे शेवटचे प्रकरणही लाओत्सेला एका गटात घालते आणि च्वांगत्सेची गणना वेगळी करते. स्वतःच्या ग्रंथातच जे दोघे एका पंक्तीत बसत नाहीत, त्यांचा एक पंथ कसा मानायचा?

प्रतिसाद १ :
असहमत. नामकरण उशिरा झाले म्हणून जन्मही उशिरा झाला, असे होत नाही. हूपेइ प्रांतातील ग्वोद्यान येथे १९९३ मध्ये इ.स.पू. ३००च्या सुमाराच्या एका थडग्यात बांबूच्या पट्ट्या सापडल्या आणि त्यांवर लाओत्सेच्या नावावरील ‘ताओ ते चिंग’ या ग्रंथातील सुमारे दोन हजार अक्षरांचा मजकूर निघाला. इ.स.पू. तिसऱ्या शतकात विचारवंत हान फेइ याच ग्रंथावर दोन प्रकरणे खर्ची घालतो. ‘क्वान्त्झू’ या संग्रहातील ‘अंतर्साधना’ हे प्रकरण श्वास आणि चित्त स्थिर करण्याविषयी जे सांगते, तेच च्वांगत्सेच्या ‘मनाच्या उपवासा’त पुन्हा भेटते. परंपरा साधनेतून चालत आली. तिला ग्रंथपालाच्या शिक्क्याची गरज नव्हती.

धागालेखक :
ग्वोद्यानचा दाखला तर माझ्याच बाजूने जातो. प्रचलित प्रतीच्या एकोणिसाव्या प्रकरणात मानवता आणि नीतिधर्म टाकून देण्यास सांगितले आहे, म्हणजे कन्फ्यूशियसच्या अनुयायांवर सरळ हल्ला आहे. ग्वोद्यानच्या पट्ट्यांवर हे शब्दच नाहीत. तेथे कृत्रिमपणा आणि कपट सोडण्याचा उपदेश आहे. त्याच थडग्यात कन्फ्यूशियन ग्रंथही शेजारी ठेवलेले होते. इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेल्या मावांगद्वीच्या थडग्यातील रेशमी प्रतींत मात्र तो हल्ला आढळतो. ज्याला आपण पंथभेद म्हणतो, तो बहुधा मधल्या काळात धारदार होत गेला. राहिला हान फेइ. तो तर कठोर कायद्याचा पुरस्कर्ता! त्याच्या भाष्यातून एवढेच कळते की हा ग्रंथ कोणा एका गटाची मालमत्ता नव्हता.

प्रतिसाद २ :
आपण दोघेही पोथ्यांतच अडकला आहात. हान दरबारात आरंभी पौराणिक पीत सम्राट आणि लाओत्से यांच्या नावाने चालणारी ‘हुआंग-लाओ’ राजनीती प्रबळ होती आणि राजमाता तौ हिचा तिला पाठिंबा होता; इ.स.पू. १३५ मध्ये ती वारल्यावर कन्फ्यूशियन पक्षाला मोकळे रान मिळाले. पुढे, परंपरेनुसार इ.स. १४२ मध्ये, सिच्वानमध्ये झांग ताओलिंगला दैवी रूपातील लाओत्सेने दर्शन दिले. त्यातून उभ्या राहिलेल्या संप्रदायात प्रवेशासाठी पाच माप तांदूळ द्यावे लागत, आणि ताओलिंगचा नातू झांग लू याने तर हानचुंग खोऱ्यात २१५ पर्यंत, सेनानी त्साओ त्साओला शरण जाईपर्यंत, राज्यच चालवले. पंथ शोधायचा तर येथे शोधावा. तत्त्वज्ञान शुद्ध आणि धर्म भ्रष्ट, ही विभागणी मला अभ्यासकांच्या सोवळेपणातून आलेली वाटते.

प्रतिसाद १ :
सोवळ्याबद्दल सहमत, पण मग सातत्यही मान्य करा. झांग लूच्या अनुयायांना लाओत्सेचा पाच हजार अक्षरांचा ग्रंथ शिकवला जात असे, आणि त्या संप्रदायाचे त्या ग्रंथावरील ‘शियांगअर’ भाष्य वायव्य चीनमधील तुनह्वांगच्या गुहेत सापडले आहे. पोथी तीच राहिली, वाचणारे बदलले.

धागालेखक :
लाओत्सेपुरते ते मान्य, पण त्या शिकवणीत च्वांगत्सेला फारसे स्थान नव्हते. ‘लाओ-च्वांग’ ही जोडी ‘ह्वाइनान्त्झू’मध्ये आढळते, आणि तो ग्रंथ राजपुत्र ल्यू आन याने इ.स.पू. १३९ मध्ये सम्राटाला सादर केला. म्हणजे हान काळातच. त्याआधीचा एखादा लेखी पुरावा या जोडीसाठी दाखवता येत असेल, तर मी माझी मांडणी मागे घेईन.